पाच नंबरसाठी टाळ्या

सामन्याच्या आदल्या दिवशीचा लेख लिहिणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी नवराबायकोच्या भांडणाचा निकाल सांगणं. तरी लोकांना तो हवाच असतो. सामना झाल्यावर काय झालं हे कोणीही सांगेल; होण्याआधी छातीठोकपणे सांगायला माझ्यासारखा निर्लज्ज माणूस लागतो. आमच्या दैनिकात हे काम मी सत्तावीस वर्षं करतोय. त्यातले निम्मे अंदाज साफ चुकले, आणि वाचकांना नेमके तेवढेच तोंडपाठ आहेत.

आमच्या शहरात फुटबॉलचे दोन क्लब. गोदीवर काम करणाऱ्यांनी काढलेला तो गोदीवाल्यांचा, आणि वीटभट्ट्यांच्या बाजूचा तो भट्टीवाल्यांचा. दोघेही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, आणि दोघांमधून विस्तव जात नाही. गोदीवाल्याच्या घरात भट्टीवाल्यांचा केशरी मफलर सापडला तर त्याचं पायपुसणं होतं. त्या वर्षी दोघांचे गुण सारखे होते, हंगाम संपायला तीन सामने उरले होते, आणि शनिवारी जो जिंकेल तो पहिल्या डिव्हिजनच्या दारात उभा राहणार होता. संपादकांनी मला अख्खं पान दिलं. यापूर्वी मला अख्खं पान एकदाच मिळालं होतं, एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली तेव्हा.

माझी कामाची एक ठरलेली रीत आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता गोदीवाल्यांच्या मैदानावर लाउडस्पीकर तपासतात. ते काम भोंग्याचं. भोंगा म्हणजे मैदानावरचा निवेदक; त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. नुसतं ‘हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणणं त्याला कमीपणाचं वाटतं. म्हणून तो काचेच्या खोलीत बसून उद्याचा संघच वाचून दाखवतो, रिकाम्या मैदानाला, अगदी सामन्याच्या थाटात. मी समोरच्या जुन्या लाकडी स्टँडमध्ये बसून ती यादी उतरवून घेतो. यादी अशी आधी मिळते, त्याबदल्यात क्लबची एक अट आहे: दुखापतींबद्दल क्लब सांगेल तेवढंच छापायचं. त्यामुळे सत्तावीस वर्षं माझ्या लेखाचं शेवटचं वाक्य एकच असायचं, ‘संघ पूर्णपणे तंदुरुस्त आहे.’ सरळ सरळ लंगडणाऱ्यांबद्दलही मी ते लिहिलेलं आहे.

गोदीवाल्यांचा पाच नंबर माझा सख्खा भाचा. माझ्या ताईचा एकुलता एक मुलगा, चोवीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंच, म्हणून सगळे त्याला खांब म्हणायचे. तो मधला बचावपटू. बचावपटूचं नशीबच फुटकं असतं. नव्वद मिनिटं चेंडू अडवला तर कोणी ढुंकून बघत नाही, आणि एकदा सुटला तर सगळं शहर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. मीसुद्धा त्याच्यावर कधी दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं नव्हतं. भाचा आहे, पक्षपात नको, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे मला बचावपटूंवर लिहायचा कंटाळा यायचा.

शनिवारच्या या लढतीच्या बारा दिवस आधी एका सामन्यात कॉर्नरचा चेंडू अडवायला खांब उडाला, समोरचाही उडाला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. तो आवाज मी वर पत्रकारांच्या बाकावर बसून ऐकला होता. खांब उठला, पाणी प्यायला आणि पुढे खेळला. त्याच्यावर माझी एक ओळ होती.

चार दिवसांनी तो माझ्या घरी आला. आल्या आल्या त्याने स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसला.

“मामा, डोकं थांबतच नाहीये,” तो म्हणाला. “वाकलो की जमीन हलते. सकाळी उलटी होते.”

“मग क्लबच्या डॉक्टरला सांग की!”

“सांगितलं तर मला बसवतील. भट्टीवाल्यांविरुद्धच्या सामन्याला पहिल्या डिव्हिजनचे लोक खेळाडू बघायला येणार आहेत. एवढा सामना होऊ दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. आईला सांगू नकोस. आणि लिहू तर अजिबात नकोस. शब्द दे.”

मी शब्द दिला. पोरगं दणकट आहे, निभावून नेईल, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, भाचा पहिल्या डिव्हिजनमध्ये गेला तर आपलीही मान जरा ताठ होईल, हेही वाटलं.

शुक्रवारी तीनला मी मैदानावर पोचलो. फाटकाला कुलूप होतं. बाजूच्या छोट्या दाराने आत घेतलं जायचं. वारा नव्हता. झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते. लाकडी स्टँडमधल्या खुर्च्या आपोआप दुमडणाऱ्या आहेत. माणूस उठला की बैठक वर जाते आणि पाठीला टेकते. सगळ्या दुमडलेल्या होत्या. मी सहाव्या रांगेत बसलो आणि वही उघडली.

समोर काचेआड भोंग्याने घसा खाकरला, तो अख्ख्या मैदानाला ऐकू आला. मग त्याने सुरुवात केली. एक नंबर, गोलरक्षक. दोन नंबर. तीन. चार. प्रत्येक नावानंतर तो लोकांना ओरडायला म्हणून थोडा थांबायचा. तेवढ्या वेळात मी नाव लिहायचो.

“पाच नंबर,” भोंगा म्हणाला आणि माझ्या भाच्याचं नाव घेतलं.

आणि टाळ्या वाजल्या.

माझ्या मागून, वरच्या रांगांमधून आल्या. फार मोठ्या नव्हत्या. शे-दीडशे माणसांच्या असतील, सावकाश, मनापासून वाजवलेल्या. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी ओरडलं नाही. आपलं माणूस बऱ्याच दिवसांनी दारात दिसावं तशा त्या टाळ्या होत्या. मी वळून पाहिलं. सगळ्या बैठका पाठीला टेकलेल्या, त्यांच्यावर धूळ, आणि टाळ्या चालूच. मग भोंग्याने “सहा नंबर” म्हटलं आणि त्या एकदम थांबल्या. सहासाठी काही नाही. सातसाठी नाही. अकरापर्यंत नुसती शांतता.



असं पूर्वी एकदा झालं होतं. नऊ वर्षांपूर्वी, याच स्टँडमध्ये, अशाच एका शुक्रवारी, त्या वेळच्या अकरा नंबरसाठी. तेव्हा मी छतातली कबुतरं उडाली असतील असं म्हणून सोडून दिलं. आठ दिवसांनी तो अकरा नंबर सरावाच्या मध्येच बूट बांधायला बसला आणि उठलाच नाही. त्या दोन गोष्टींचा मेळ मी कधी घातला नाही. म्हणजे मोठ्याने कधी घातला नाही.

मी हात हलवून भोंग्याला खूण केली. त्याने खिडकी सरकवली.

“काय झालं? आवाज फाटतोय?”

“मागे कोणी आहे का रे?” मी ओरडलो.

“कुठे?”

“माझ्या मागे! टाळ्या वाजवल्या कोणी?”

“तुमच्या लेखाला वाजवल्या असतील,” भोंगा म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर पोटभर हसला. “खिडकी लावली की मला इथे काहीच ऐकू येत नाही. का हो?”

“पाच नंबर परत वाच.”

“भाचा आहे म्हणून दोनदा वाचायचं होय?” असं म्हणत त्याने खिडकी लावली आणि वाचलं.

या वेळी टाळ्या जास्त वेळ वाजल्या. आणि जवळून. माझ्या मागे दोन रांगांवर कोणी तरी वाजवत होतं, मला तळहात वेगवेगळे ऐकू येत होते, एक जाड, एक कोरडा, एक बहुधा हातमोजा घातलेला. मी वळलो नाही. वही उचलली, पायऱ्या उतरलो आणि छोट्या दाराने बाहेर पडेपर्यंत श्वास घेतला नाही.

संघाचा सराव मागच्या मैदानावर चालला होता. मी सरळ कोचकडे गेलो. टाळ्यांचं काय सांगणार, कप्पाळ! मी एवढंच सांगितलं की खांबाचं डोकं त्या सामन्यापासून दुखतंय, त्याला खेळवू नका. शब्द मोडला, पण कोचच्या कानापुरताच मोडला, अशी मी मनाची समजूत घातली.

कोच चांगला माणूस आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने तिथूनच हाक मारली, “खांब! मामा म्हणतात तुझं डोकं दुखतंय!”

खांबाने माझ्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, “मामाचंच दुखत असेल, कोच. त्यांना उद्याचा निकाल सुचत नसेल.”

सगळा संघ हसला. कोच म्हणाला, बघू या, आणि त्याने चेंडू फेकायला सुरुवात केली. खांबाने डोक्याने एकामागून एक परतवले. मी मोजले, अठरा. अठराव्यानंतर कोच समाधानाने मान हलवून दुसरीकडे वळला. म्हणून खांब गोलच्या खांबाला धरून डोळे मिटून उभा राहिला, ते फक्त मला दिसलं.

सराव संपल्यावर मी त्याला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. बाकीचे आंघोळीला गेले होते. आतून पाण्याचा आणि आरडाओरड्याचा आवाज येत होता. तो बाकावर बसून टॉवेल डोळ्यांवर दाबून होता.

“शब्द दिला होतास ना?” तो टॉवेल न काढता म्हणाला.

“हो, दिला होता. तू उद्या खेळू नकोस.”

“का?”

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, भोंगा, स्टँड, टाळ्या, नऊ वर्षांपूर्वीचा अकरा नंबर. तो आता हसेल, मला वेड्यात काढेल, अशी माझी खात्री होती. त्याने वेड्यात काढावं असंच मला वाटत होतं.

त्याने टॉवेल खाली घेतला. “तुलाही ऐकू आल्या?”

मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो.

“डोकं आपटलं त्या दिवसापासून येतात,” तो म्हणाला. “मैदान रिकामं असलं की. मी मुद्दाम लवकर येतो. मधोमध जाऊन उभा राहतो, आणि ते वाजवतात. पहिल्यांदा घाबरलो होतो. आता नाही घाबरत.”

“कोण आहेत ते?”

“माहीत नाही. दिसत नाहीत. पण मामा, त्यांना खेळ कळतो.” त्याचा चेहरा एकदम उजळला. “परवा मी एकटाच होतो, नुसता पाय कुठे टाकायचा ते बघत होतो. मागे सरकलो, कोन बंद केला, बस. त्याला टाळ्या! कोन बंद करण्याला आजवर कोणी टाळ्या वाजवल्यात? तू तरी लिहिलंस कधी?”

“नाही लिहिलं,” मी म्हणालो.

“उद्या तर सगळे येणार आहेत,” तो म्हणाला. “मला वाटतंय तसं.”

हे वाक्य ऐकल्यावर मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्याशी बोलून काही उपयोग नव्हता. पहिल्या डिव्हिजनचे लोक, कोच, आई, कोणासाठीही तो आता खेळणार नव्हता. त्याला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्यात जायचं होतं, आणि आपण कुठे चाललोय हे त्याला ठाऊक नव्हतं. की होतं, कोण जाणे. मला भयंकर भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नाही.

आमच्या फुटबॉल संघटनेचा एक नियम आहे, फारसा कोणी वापरत नाही. एखाद्या खेळाडूच्या डोक्याच्या दुखापतीची बातमी छापून आली, तर संघटनेचा डॉक्टर तपासल्याशिवाय त्याला मैदानात उतरवता येत नाही. छापून यावी लागते. तोंडी सांगितलेलं चालत नाही, कारण तसं चाललं असतं तर भट्टीवाल्यांनी दर आठवड्याला आमचे अकराच्या अकरा आजारी पाडले असते.

ऑफिसात जाऊन मी लेख लिहिला. वरचं सगळं नेहमीचं, दोघांचे गुण, दोघांचे स्ट्रायकर, गेल्या पाच लढती, माझा अंदाज गोदीवाले दोन, भट्टीवाले शून्य. मग शेवटचं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं की पाच नंबरच्या डोक्याला बारा दिवसांपूर्वी मार लागलेला आहे, त्याला चक्कर येते, उलट्या होतात, आणि हे त्याने क्लबपासून लपवलेलं आहे. हे मला त्याने स्वतः सांगितलं, हेही लिहिलं. पोराबद्दल पहिल्यांदाच दोन ओळींच्या वर लिहिलं, आणि ती अशी चहाडी.

सहाला डेस्कवरच्या बाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्या माझं सगळं लिखाण तपासतात आणि सहसा काही बोलत नाहीत.

“शेवट बदललात?”

“हो.”

“क्लबला विचारलं?”

“नाही.”

“यादी बंद होईल तुमची. आणि भाच्याला काय सांगणार?”

“तो काही ऐकून घेणार नाही.”

त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. “जाऊ दे पानाला?”

“जाऊ दे,” मी म्हणालो.

सकाळी साडेसहाला ताईचा फोन आला.

“हे काय छापलंयस? खरं आहे हे?”

“खरं आहे, ताई.”

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“आठ दिवस.”

तिने फोन ठेवून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताई लहानपणीही रागावली की अशीच गप्प व्हायची.

पुढचं भराभर झालं. दहाला संघटनेच्या डॉक्टरने खांबाला तपासलं आणि मैदानाऐवजी रुग्णालयात पाठवलं. तिथे डोक्याचे फोटो काढले. कवटीच्या आत रक्त साकळलं होतं, हळूहळू वाढत होतं. दुपारी एकला त्याला ऑपरेशनला घेतलं. तिकडे तीनला सामना सुरू झाला असेल तेव्हा मी आणि ताई एका लांबलचक बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, वाचला. मग ताईकडे बघून म्हणाले, “आज त्याने एक जरी चेंडू डोक्याने मारला असता तर...” ताई बाकावरून सरकत माझ्या शेजारी आली आणि माझा हात धरून बसली. सामना एक-एक सुटला, हे मला रात्री भोंग्याच्या फोनवरून कळलं. म्हणजे तोही अंदाज चुकला.

खांब दोन दिवस झोपेतच होता. सोमवारी दुपारी मी गेलो तेव्हा ताई त्याच्या उशाशी बसली होती आणि त्याचे डोळे उघडे होते. डोक्याला पट्टी, गाल आत गेलेले, पाय पलंगाच्या बाहेर. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बाहेर कुठे तरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. तो काही तरी ऐकायचा प्रयत्न करत होता. चाकांचा आवाज लांब गेला तरी तो ऐकतच होता.

“कसा आहेस रे?” मी विचारलं.

“गेले,” तो म्हणाला.

“कोण गेले?” ताईने विचारलं.

तो तिच्याकडे न बघता मला म्हणाला, “शुद्धीवर आल्यापासून ऐकतोय. एकही नाही, मामा. सगळे गेले.”

“बरं झालं,” मी म्हणालो. तसं म्हणायला नको होतं.

त्याचे डोळे भरून आले. सव्वासहा फुटांचा माणूस, पाच वर्षांचा असल्यासारखा हुंदके देऊन रडायला लागला. ताई घाबरली, “दुखतंय का? बोलावू का कोणाला?” असं विचारू लागली. तो मान हलवून नाही नाही म्हणत राहिला. त्याला काय दुखत होतं ते मला कळत होतं. आता तो पुन्हा खेळणार नव्हता, हे सर्जननी आम्हाला सांगितलं होतं आणि त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं, पण तो रडत होता ते त्यासाठीही नव्हतं.

मला काय सुचलं कोण जाणे, मी टाळ्या वाजवायला लागलो. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून, साठीच्या घरातला माणूस, एकटाच. आवाज भिंतींवर आपटून फार विचित्र येत होता. एक नर्स दारात येऊन बघून गेली. मी थांबलो नाही. म्हणालो, “कोन बंद केलास ना, त्याच्यासाठी. त्या कॉर्नरला उडालास, त्याच्यासाठी. मी लिहायला हवं होतं रे, सगळं लिहायला हवं होतं.”

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तिने काही विचारलंही नाही. तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि तीही वाजवायला लागली.

खांब डोळे मिटून ऐकत होता. त्याचं रडणं हळूहळू थांबलं. बराच वेळ तो तसाच पडून राहिला, भुवया जवळ आणून, नीट कान देऊन.

“त्यांच्यासारख्या नाही वाजत,” शेवटी तो म्हणाला.

“माहीत आहे,” मी म्हणालो.

आम्ही दोघं वाजवत राहिलो.